'ती मला काहीच सांगत नाही'

वाचक आईचं पत्र:

माझी मुलगी १४ वर्षांची आहे. वर्षभरापूर्वीपर्यंत शाळेतून आली की दप्तर खाली टाकायच्या आधीच तिचं सुरू व्हायचं. कोण कोणाला काय बोललं, बाई कोणावर चिडल्या, सगळं. आता खोलीचं दार बंद. विचारलं तर 'काही नाही', 'ठीक', फार तर 'तुला काय करायचंय?' मला राहवेना. एक दिवस ती अंघोळीला गेलेली असताना मी तिच्या मोबाइलवरचे मेसेज वाचले. नेहमीच्या मैत्रिणींनी तिला बाजूला टाकलंय, तिला वगळून वेगळा ग्रुप केलाय आणि ती रात्री रडते, हे मला तिथे कळलं. एका दुसऱ्या मैत्रिणीने तिला विचारलं होतं, आईला सांगितलंस का? त्यावर हिचं उत्तर होतं, 'आईला सांगून काय उपयोग, ती लगेच लेक्चर सुरू करते.' मी इतकी हादरले की ती बाहेर आल्याबरोबर म्हटलं, एवढं सगळं चाललंय आणि तू मला सांगत नाहीस? त्याच दिवशी तिने पासवर्ड बदलला. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. दीड महिना झाला याला. तिचे बाबा म्हणतात, वय आहे, होईल आपोआप ठीक. मला माझ्या आईशी कधीच मोकळेपणाने बोलता आलं नाही, म्हणून मी ठरवलं होतं की आपण मुलीची मैत्रीण व्हायचं. माझं नेमकं चुकलं कुठे? आणि ती पुन्हा पूर्वीसारखी बोलेल का?

— एक आई

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सांगून टाकलंत आणि पुढे गेलात. मी मात्र तिथेच अडकले. 'आईला सांगून काय उपयोग, ती लगेच लेक्चर सुरू करते.' जिच्यासाठी जीव टाकायचा त्या मुलीने दुसऱ्या कुणाला आपल्याबद्दल असं लिहावं, हे सोसायला फार कठीण आहे. तरी तुम्ही ते पत्रातून गाळलं नाहीत. बरं केलंत, कारण 'माझं चुकलं कुठे' या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मुलीने तिथे देऊन ठेवलेलं आहे.

ते वाक्य एकदा राग आणि दुःख बाजूला ठेवून वाचा. आईचं माझ्यावर प्रेम नाही, असं ती म्हणत नाही. आई ओरडेल, मारेल, असंही म्हणत नाही. सांगावं का, हा विचार तिच्या मनात येऊन गेला आहे. सांगितलं तर पुढे काय होईल हे तिने डोळ्यांपुढे आणलं आणि आत्ता तेवढं आपल्याला झेपणार नाही, असं ठरवलं. ज्या मुलांनी आशाच सोडलेली असते त्यांच्या मनात सांगण्याचा विचारही येत नाही. तुमची मुलगी तिथवर गेलेली नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मी आधी घेते. ती पूर्वीसारखी बोलेल का? खरं सांगायचं तर नाही. दप्तर खाली टाकायच्या आधी सुरू होणारी ती बडबड लहान मुलीची होती आणि ती मुलगी आता मोठी होते आहे. ती बडबड संपल्याचं दुःख खरं आहे, ते तुम्ही मनात दाबून टाकू नका. पण मुलीने पुन्हा आठ वर्षांचं होऊन दाखवावं, ही अपेक्षा आतल्या आत राहिली तर तिला ती जाणवते. ती बोलेल. कमी बोलेल, निवडून बोलेल, तिच्या वेळेला बोलेल आणि काही गोष्टी कधीच सांगणार नाही. तुम्हीही तुमच्या आयुष्यातलं सगळं कुठे कुणाला सांगता?

बाबा म्हणतात की वय आहे. ते निम्मं खरं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलांना आईचा आवाज आणि अनोळखी बायकांचे आवाज ऐकवले आणि त्या वेळी मेंदूत काय घडतं ते स्कॅन करून पाहिलं. शब्द मुद्दाम निरर्थक ठेवले होते, म्हणजे फरक पडला तर तो आवाजानेच पडावा. सुमारे १२ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये आईच्या आवाजाने मेंदूतले आनंदाशी जोडलेले भाग जास्त जागे होत. त्यापुढच्या, १३ ते १६ वर्षांच्या मुलांमध्ये चित्र उलटं दिसलं, त्यांच्यात अनोळखी आवाजांना जास्त प्रतिसाद होता. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. आईचा आवाज त्या मुलांना ओळखू येत नव्हता असं मुळीच नाही, तो ते बिनचूक ओळखत होते. पण मेंदूचा कल आता बाहेरच्या माणसांकडे वळलेला होता. पुढचं आयुष्य ज्यांच्यासोबत काढायचं ती माणसं घराबाहेरच भेटणार असतात, तेव्हा हे वळण यायलाच हवं. म्हणून तुमच्या हाकेला कपाळावर आठी आली की ती आठी तुमच्याविरुद्धचा निकाल आहे, असं मानू नका.

आणि याच कारणाने मैत्रिणींनी बाजूला टाकणं या वयात इतकं खोल लागतं. 'एवढ्याशा गोष्टीवरून काय रडायचं' हे मोठ्यांना सहज सुचतं. तिच्यासाठी ती गोष्ट एवढीशी नाही. ज्या माणसांकडे तिचं सगळं मन ओढलं जातंय, त्यांनीच तिला बाहेर काढलंय.

उरलेलं निम्मं मात्र वयाचं नाही आणि तिथे बाबांचं 'आपोआप' चालणार नाही.

मुलं काय करतात, कुठे जातात, कुणाबरोबर असतात हे ज्या पालकांना ठाऊक असतं त्यांची मुलं कमी अडचणीत सापडतात, हे पूर्वीच दिसून आलं होतं. त्यावरून सरळ निष्कर्ष काढला जाई, की पालकांनी लक्ष ठेवावं, चौकशी करावी, नियम कडक ठेवावेत. स्वीडनमध्ये होकन स्टाटिन आणि मार्गारेट केर या दोन संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला. पालकांना जे ठाऊक असतं, ते त्यांना कळतं कुठून? त्यांनी १४ वर्षांची ७०३ मुलं आणि त्यांचे पालक यांची माहिती घेतली, अगदी तुमच्या मुलीच्या वयाची मुलं. २००० साली त्यांनी जे मांडलं त्याचं सार असं, की पालकांच्या माहितीचा सगळ्यात मोठा झरा म्हणजे मुलाने आपणहून सांगणं. चौकशी आणि बंधनं यांचा वाटा त्यामानाने बराच कमी होता. म्हणजे जे लक्ष ठेवणं वाटत होतं, ते बहुतेक मुलांनी विश्वासाने दिलेलं होतं.

पुढे याच संशोधकांच्या गटाने आणि इतरांनी आणखी एक गोष्ट तपासली. मूल आपणहून काही सांगतं तेव्हा पालक काय करतात, याचा पुढच्या सांगण्यावर काय परिणाम होतो? सांगितल्यावर चिडचिड, थट्टा किंवा जरब वाट्याला आली की मुलांना आपल्यावर ताबा गाजवला जातोय असं वाटू लागतं आणि ती लपवू लागतात. समजून घेतलं गेलं की जवळीक वाटते आणि ती जास्त सांगतात. यात नवल वाटण्यासारखं काही नाही, पण घरात आपण नेमकं हेच विसरतो. मुलगी आज का सांगत नाही, याचं कारण बरेचदा तिने मागे कधीतरी सांगितलं तेव्हा काय झालं, यात असतं.

म्हणून आता त्या लेक्चरकडे येऊ. ते लेक्चर कसं असतं हे मी ऐकलेलं नाही, पण अंदाज करू शकते, कारण ते घराघरांत होतं आणि बहुतेक वेळा ते प्रेमापोटीच होतं. समजा, तिने तुम्हाला सांगितलं असतं, 'त्या तिघींनी मला न सांगता वेगळा ग्रुप केला.' पुढच्या दहा सेकंदांत आपल्या तोंडून काय बाहेर पडतं?

'मग तू दुसऱ्या मैत्रिणी कर.' हा उपाय आहे आणि चुकीचाही नाही. पण तिला ऐकू येतं की प्रश्न सोपा आहे, तुला सुटत नाही एवढंच.

'मी तुला आधीच सांगितलं होतं, ती मुलगी बरी नाही.' यात आई बरोबर ठरते आणि मुलगी दोनदा हरते, एकदा मैत्रिणींपुढे, एकदा आईपुढे.

'तू काही बोलली असशील, नाहीतर त्या असं का करतील?' याबद्दल जास्त लिहायला नको.

'थांब, मी तिच्या आईला फोन करते.' यामागे तर निव्वळ माया आहे. पण हे ऐकून मुलीच्या पोटात गोळा येतो. गोष्ट तिच्या हातातून निसटते आणि उद्या वर्गात तिचं काय होणार, हे तिला तिथल्या तिथे दिसू लागतं.

'अगं, या वयात होतं असं. दहा वर्षांनी आठवणारही नाही.' दहा वर्षांनंतरचं खरंच असेल. तिला उद्या सकाळी शाळेत जायचं आहे.

ताई, यातलं तुमचं कोणतं ते तुम्हालाच ओळखता येईल. बहुधा दोन-तीन मिळून असेल. हे सगळं आपण बोलतो कारण लेकराचं दुःख समोर दिसलं की आपल्यालाच ते सहन होत नाही. उपाय सांगितला, चूक दाखवली, समजूत घातली की आपली घालमेल शांत होते. तिची होत नाही. तिच्या अनुभवात काय राहतं? मी दुःख सांगायला गेले आणि मला आईची काळजी निस्तरावी लागली, किंवा आईची परीक्षा द्यावी लागली. पुढच्या वेळी ती 'काही नाही' म्हणते.

दुसरं काय म्हणता येईल? 'न सांगता? कधी कळलं तुला?' आणि मग गप्प बसायचं. खरोखर गप्प. ती म्हणेल, 'काल.' तुम्ही म्हणाल, 'म्हणजे काल रात्रीपासून हे घेऊन बसलीयस.' पुन्हा थांबायचं. ती रडेल, किंवा त्यातल्या एकीवर भडकेल, किंवा उठून निघून जाईल. तिन्ही चालेल. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते साध्या शब्दांत म्हणून दाखवलं की भावनेचा जोर थोडा उतरतो, पण ते बेताने करा. 'तुला आत्ता खूप असुरक्षित आणि एकटं वाटत असणार' असं पुस्तकी वाक्य घरात कुणी बोललं तर कुठलीही १४ वर्षांची मुलगी वैतागेल. 'वाईट वाटण्यासारखंच आहे' एवढं पुरतं. सल्ला द्यायचाच असेल तर आधी विचारा, 'मी नुसतं ऐकू, की काय करता येईल ते बघूया?' ती बहुधा म्हणेल, नुसतं ऐक. मग तेवढंच करायचं. उपाय तुमच्या ओठांवर असेल, तो तिथेच ठेवायचा. काही दिवसांनी तीच विचारेल, 'मग मी काय करू?' त्या वेळी तुमचा सल्ला तिच्या कामाचा असेल.

पण हे सगळं नंतरचं. आज ती तुम्हाला काही सांगायला येणार नाही, कारण मधे ते मोबाइलचं झालेलं आहे आणि ते मिटवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. याबाबत मी आडपडदा ठेवत नाही. मेसेज वाचणं चूक होतं. काळजी खरी होती, तरीही चूक होतं. तिने काय गमावलं ते पाहा. मैत्रिणींनी बाहेर काढल्यावर तिला मन मोकळं करायला एकच जागा उरली होती, त्या दुसऱ्या मैत्रिणीशी चालणारं ते चॅट. ती जागाही आता सुरक्षित राहिली नाही. शिवाय त्या मैत्रिणीने विश्वासाने लिहिलेलंही तुम्ही वाचलंत, आणि ही गोष्ट तिला सांगायची की नाही, हे ओझं तुमच्या मुलीच्या डोक्यावर आलं असेल. या बाजूचा विचार मोठ्यांच्या मनात क्वचित येतो. मुलांना हे फार लागतं.

तेव्हा माफी मागा. 'माझं काही चुकलं असेल तर सॉरी' अशी नको, कारण त्यात काय चुकलं हे तुम्हाला कळलंय की नाही तेच कळत नाही. काय केलंत ते सांगा. असं काहीतरी म्हणता येईल: 'मी तुझे मेसेज तुला न विचारता वाचले. ते मी करायला नको होतं. वर तुलाच जाब विचारला, तेही चुकलं. तुझ्या मैत्रिणीचंही मी वाचलं, त्याचंही मला वाईट वाटतंय. पुन्हा असं करणार नाही.' संपलं. 'पण तू काही सांगतच नव्हतीस' हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. त्या एका 'पण'ने आधीची सगळी माफी पुसली जाते. 'माफ केलंस ना?' असंही विचारू नका, उत्तर देणं तिला भाग पडता कामा नये. आणि शक्यतो रडू नका. आई रडली की मुलीला तिला सावरावं लागतं आणि तिचा राग तिच्याच घशात अडकतो. तुम्हाला रडायचं असेल तर आधी किंवा नंतर, तिच्या बाबांपाशी, बहिणीपाशी, मैत्रिणीपाशी रडा. त्याची तुम्हालाही गरज आहे.

ती 'ठीक आहे' म्हणून कानात हेडफोन घालेल. तेवढंच होईल. माफीचा परिणाम त्याच संध्याकाळी दिसत नाही, पुढच्या काही महिन्यांत तुम्ही शब्द पाळलात की नाही यावर तिचा विश्वास ठरेल. तोपर्यंत तिला तपासू द्या.

हे इतकं बिघडलेलं जुळेल का, अशी भीती तुमच्या पत्रात ओळीओळीला आहे. याचं उत्तर मोठ्या मुलांपेक्षा तान्ह्या बाळांच्या अभ्यासात जास्त स्पष्ट दिसतं. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक प्रयोग केला होता. आई बाळाशी खेळत असते, हसत असते, आणि मग सांगितल्याप्रमाणे थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, मग बोट दाखवतं, आवाज काढतं, अंग टाकून देतं, शेवटी तोंड फिरवतं. पाहताना जीव कासावीस होतो. मग आई पुन्हा बोलू लागते. बाळ लगेच खुलत नाही, थोडं रुसतं, पण दोघं परत जुळतात. या प्रयोगाची चर्चा खूप होते. ट्रॉनिक यांचं दुसरं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. अगदी चांगलं नातं असलेल्या आई-बाळांचंसुद्धा रोजच्या खेळात एकमेकांशी नीट जुळलेलं असतं ते जेमतेम ३० टक्के वेळ. उरलेला वेळ हुकतं, पुन्हा जमतं, पुन्हा हुकतं. आई परत येते, हा अनुभव बाळाला या हुकण्या-जमण्यातूनच मिळतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५०च्या दशकात 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली ती याच जातीची. बिनचूक आई मुलाला नकोच असते. तुमची मुलगी तान्ही नाही, तिची स्मरणशक्ती तीक्ष्ण आहे आणि तिचा राग जास्त टिकेल. पण मोडलेलं पुन्हा जोडायला मोठं माणूस पुढे आलं, हे तिने एकदा पाहिलं तर ते तिला जन्मभर उपयोगी पडणार आहे, मैत्रिणींच्या बाबतीतसुद्धा.

आता बोलण्याच्या वेळेबद्दल. दारातून आत आल्याआल्या प्रश्न विचारू नका. दिवसभर वर्गात चेहरा सांभाळून आलेली मुलगी घरात पाऊल टाकते तेव्हा तिला काही काळ कुणीच काही विचारू नये असं वाटतं. समोरासमोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून 'चल, आपण बोलूया' म्हटलं की तर ती हमखास बंद होते. मुलं बोलतात ती बाजूबाजूला असताना. गाडीत, चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, दिवा मालवल्यावर. या वयात शरीराचं घड्याळही पुढे सरकतं, झोप उशिरा येते, त्यामुळे तुम्ही थकून अंथरुणाला टेकता तेव्हाच ती नेमकी दारात येऊन उभी राहते आणि म्हणते, 'आई, काही नाही, सहजच.' ते सहज नसतं. त्या क्षणी 'अजून झोपली नाहीस? उद्या शाळा आहे ना?' असं म्हणू नका. थोडं सरका, तिला बसायला जागा करा. एका रात्रीची अर्धा तास झोप गेली तर जाऊ द्या.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा. ती मोबाइलवर काहीतरी बघून हसते आणि स्क्रीन तुमच्यापुढे धरते, 'हे बघ ना.' कुणी मांजर उडी मारताना पडलेलं असतं. तुम्ही हातातल्या कामातून वर न बघता म्हणता, 'अभ्यास झाला का?' किंवा 'किती वेळ तो मोबाइल!' दिवसभरात तिने तुमच्यापर्यंत यायचा केलेला तो एकच प्रयत्न असू शकतो. मांजर बघा. हसू आलं तर हसा, नाही आलं तर 'हे काय होतं?' म्हणा. रडण्याबद्दल बोलायची वाट या मांजरांवरून जाते, यावर माझा पक्का विश्वास आहे. दीड महिन्यांच्या अबोल्यानंतर पहिली हालचाल अशीच, अगदी फालतू वाटणाऱ्या गोष्टीने होईल. ती ओळखा आणि तिच्यावर लगेच मोठा विषय लादू नका.

तुमच्याकडूनही थोडं द्या. रोज तिलाच प्रश्न विचारले तर घरातलं बोलणं उलटतपासणीसारखं होतं. तुमच्या दिवसातलं काही सांगा, कामावर कुणाच्या बोलण्याने मन दुखावलं, काय विसरलं, कशाने हसू आलं. उत्तराची वाट न पाहता. फक्त तिच्या बाबांबद्दलच्या तक्रारी, घरातली पैशांची ओढाताण, नातेवाइकांचे हेवेदावे हे तिच्यापुढे मांडू नका.

इथेच तुमच्या 'मैत्रीण व्हायचं' याबद्दल लिहायला हवं. तुम्हाला तुमच्या आईशी बोलता आलं नाही, ते दुःख तुम्ही इतकी वर्षं बाळगलंत आणि त्यातून मुलीला काहीतरी वेगळं द्यायचं ठरवलंत. हे फार सुंदर आहे, ते मी कमी लेखणार नाही. पण मैत्रिणी एकमेकींना सारखं सांगतात. एकीने लपवलं तर दुसरीला दुखावलं जाण्याचा हक्क असतो. 'एवढं चाललंय आणि तू मला सांगत नाहीस?' हे वाक्य मला मैत्रिणीचं वाटतं, दुखावलेल्या मैत्रिणीचं. त्या दिवशी तुमच्या मुलीकडे दुखावणाऱ्या मैत्रिणी पुष्कळ होत्या. तिला हवी होती आई, जिला न सांगितल्याचा त्रास होतो पण जी त्याचा हिशेब मागत नाही. तुमच्या आईने तुमचं ऐकून घेतलं नाही, हे जे तुमच्यात अजून ठणकतंय ते मुलीच्या बोलण्याने बरं व्हावं, ही अपेक्षा तिच्यावर नको. त्यासाठी तुम्ही स्वतः कुणाशी तरी बोला, हवं तर समुपदेशकाशी. मला वाटतं, त्याने तुम्हालाच मोकळं वाटेल.

बाबांसाठीही दोन शब्द, हे त्यांना वाचायला द्या. 'होईल ठीक' म्हणून तुम्ही घरातला ताण उतरवू पाहता हे कळतं, पण मुलीला त्यातून दिसतं की बाबांना यात पडायचं नाही. आईशी बिनसलेलं असताना तुमची तिला जास्त गरज आहे. आठवड्यातून थोडा वेळ तुम्ही दोघांनीच कुठेतरी जा, काहीही करा, फक्त विषय काढू नका. आणि ती तुम्हाला काही बोललीच तर ते आईपर्यंत पोचवू नका. ताई, हे तुम्हाला जड जाईल. ती बाबांना सांगेल, मावशीला किंवा आत्याला सांगेल, शाळेतल्या एखाद्या बाईंना सांगेल आणि तुम्हाला सांगणार नाही. तिला सांगायला कुणीतरी मोठं माणूस आहे, हे आज सगळ्यात महत्त्वाचं आहे. ते माणूस तुम्हीच असावं, हा आग्रह सोडा. 'तुला काय म्हणाली?' असं विचारूही नका.

मोबाइल पुन्हा कधीच बघायचा नाही का? जिवाला धोका वाटला तर बघायचा, आणि हे तिला आधी, उघडपणे सांगायचं. कुणी मोठं अनोळखी माणूस तिला फोटो मागतंय किंवा एकटीला भेटायला बोलावतंय, कुणी धमकावतंय, ती स्वतःला इजा करतेय अशी शंका आहे, अशा वेळी आई-बाबा हस्तक्षेप करतील, पण लपून करणार नाहीत, तुला सांगून करतील. एवढा नियम तिच्याशी बोलून ठरवा. एरवी तिचे मेसेज तिचे.

आणि जे मी सगळ्यात गंभीरपणे सांगते आहे ते हे. ती रात्री रडते, हे तुम्हाला आता ठाऊक आहे. ते कुठून कळलं ते बाजूला ठेवा, कळलंय हे खरं आहे. तिची झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेली असेल, आवडत्या गोष्टींतून मन उडालं असेल, शाळेत जायला ती टाळत असेल, अंगावर जखमा किंवा ओरखडे दिसत असतील, 'मी नसते तर बरं झालं असतं' असं काही बोलली असेल, तर अबोला संपायची वाट पाहू नका. सरळ, शांत आवाजात विचारा, 'तुला कधी जगणं नकोसं वाटतं का?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज खोटा आहे, उलट कुणीतरी विचारलं याने मुलांना हायसं वाटतं. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. यातलं काहीच नसेल, फक्त दुःख असेल, तरी मुलींनी ठरवून वाळीत टाकण्याचा प्रकार शाळेत चालू राहिला तर शाळेशी बोलावं लागेल. फक्त ते तिला विचारून, तिच्यासोबत ठरवून.

तुमचं पत्र प्रसिद्ध करताना ओळख पटेल असे तपशील मी काढले आहेत आणि तुमच्या मुलीच्या मेसेजमधले शब्द बदलले आहेत, कारण ते तिचे होते. अर्थ तेवढा ठेवला. तुम्हाला सल्ला विचारावासा वाटला यात लपवण्यासारखं काही नाही. तिच्या वाचनात हे कधी आलं आणि तिने विचारलं, 'हे तू लिहिलंस का?' तर हो म्हणा.